रेवाचं गुपित राहू दे, तिची नड सांग

ताई,
आम्ही तिघं मित्र मिळून एक रोल-प्लेइंग गेम करतोय, संपूर्ण मराठीत. दिवसा मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपची बिलं बघतो आणि रात्री संवाद लिहितो. गेममधलं शहर काल्पनिक असलं तरी तळं, घाट, तालमी, चपलांची गल्ली बघून आपलं कोल्हापूर कुणीही लगेच ओळखेल. नायकाबरोबर चार साथीदार फिरतात. त्यातली रेवा ट्रान्स स्त्री आहे. माझ्या आराखड्यात ती देवीची जोगतीण असून भंडारा उधळून जखमा भरते आणि शत्रूला शाप देते. शेवटच्या प्रकरणात तिचं जुनं नाव लिहिलेला कागद नायकाच्या हाती लागतो आणि ती ट्रान्स असल्याचं उघड होतं. एक मित्र म्हणतो, हाच गेममधला सगळ्यात भारी ट्विस्ट. दुसरा म्हणतो, रेवाला काढूनच टाक, आपल्याला त्यातलं काय कळतंय, उगाच कोणीतरी दुखावेल नाहीतर अंगावर येईल. आम्ही तिघंही ट्रान्स नाही. लिहू की नको? आणि लिहायचं तर कसं? सोबत रेवाचं चित्र आणि तिचे थोडे संवाद पाठवतोय.
– संवादलेखक, राजारामपुरी

संवादलेखका,

लिही. पण तो कागद आधी फाडून टाक.

तुझा ट्विस्ट मी परत परत वाचला. त्या प्रसंगात रेवा खोलीत हजरसुद्धा नाही. कागद नायक उघडतो, थक्क खेळणारा होतो, आणि ज्या बाईबद्दल हे सगळं चाललंय तिला एक वाक्यही मिळत नाही. शिवाय त्या कागदाने मागचं सगळं फिरतं. इतके तास आपल्या शेजारी लढलेली, चेष्टामस्करी करणारी रेवा एका झटक्यात ‘आपल्याला फसवत होती’ अशी होऊन बसते. तुझ्या मनात तसं नसेल, पण गेममध्ये जे शेवटी ‘सापडतं’ ते खेळणाऱ्याला खरं वाटतं आणि आधीचं सगळं सोंग वाटतं. व्हिडिओ गेममध्ये ही खोड जुनी आहे. 1988 साली अमेरिकेत आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स 2’च्या माहितीपुस्तिकेत बर्डो नावाच्या गुलाबी प्राण्याची ओळख ‘हा स्वतःला मुलगी समजतो’ अशी विनोदाने करून दिली होती. तिथे हसायला पात्र वापरलं, तू दचकवायला वापरतोयस. पात्राच्या वाट्याला दोन्हीकडे सारखंच येतं.

मग पहिल्याच भेटीत सांगून मोकळं व्हावं का? तेही करून झालंय. 2016 मध्ये ‘बाल्डर्स गेट’चा ‘सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर’ हा भाग आला. त्यात मिझेना नावाची एक पुजारीण आहे. तिला सहज विचारलं, ‘तुझं नाव वेगळंच आहे, नाही?’ की ती सांगते, जन्मल्यावर मला मुलगा समजले होते, पुढे कळलं की मी बाई आहे, मग हे नाव मी स्वतः तयार केलं. झालं. यापलीकडे तिच्याकडे खेळणाऱ्याशी बोलण्यासारखं फारसं काही नाही. गेमवर त्या वेळी फार गरळ ओकली गेली. त्यातली बरीच निव्वळ द्वेषाची होती, तिची दखल घेऊ नकोस. पण एक तक्रार कारागिरीची होती आणि ती खरी होती. परक्या माणसाने नाव विचारलं म्हणून कुणी आपलं सगळं आयुष्य त्याच्या हातावर ठेवत नाही. हे पात्र आणखी फुलवायला हवं होतं, असं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांनीही नंतर मान्य केलं. (जाता जाता, ट्रान्स बाई म्हटलं की लेखकांना देवधर्म, मंत्र आणि जखमा भरणंच का सुचतं, हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगा. तूही त्याच रांगेत उभा आहेस.)

पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये, ‘मास इफेक्ट: अँड्रोमिडा’ने तीच चूक आणखी वाईट केली. हेन्ली एब्रम्स ही शास्त्रज्ञ पहिल्याच गप्पांत आपलं जुनं नावही सांगून टाकते. ट्रान्स माणसांना ते नाव कुणी उच्चारलेलंही नको असतं, आणि इथे ती स्वतःच ते अनोळखी माणसाला देते. ट्रान्स खेळाडूंनी हे दाखवून दिल्यावर गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीने माफी मागितली आणि काही महिन्यांत दुरुस्तीचा पॅच काढून तो संवाद बदलला. आता ओळख वाढल्याशिवाय ती हा विषय काढत नाही. तुझ्या कागदावरही जुनं नाव आहे, म्हणून हे उदाहरण जास्त लक्षात ठेव.

लवकर सांगायचं की उशिरा, यावर तुम्ही तिघं भांडताय. खरं भांडण ‘कोण सांगतं आणि कशासाठी’ यावर हवं. क्रेम बघ, 2014 च्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मधला ट्रान्स पुरुष. तो भेटतो तो भाडोत्री सैनिकांच्या तुकडीचा नायब म्हणून, आपल्या सरदाराचा निरोप घेऊन. बाप शिंपी, धंदा बुडाल्यावर त्याने स्वतःला गुलाम म्हणून विकलेलं. क्रेम सैन्यात पुरुष म्हणून भरती झाला, ते उघड झाल्यावर पळाला, आणि पकडला गेला तेव्हा त्याला वाचवताना आयर्न बुल नावाच्या त्या सरदाराचा एक डोळा गेला. या गोष्टीत त्याचं ट्रान्स असणं आहेच, पण त्याला चिकटून बाप आहे, बुडालेला धंदा आहे, एका माणसाचा डोळा आहे. पुढे गेममध्ये क्रेमच्या तुकडीला वाचवायचं की बळी द्यायचं हा निर्णय खेळणाऱ्यावर येतो आणि तिथे हात थरथरतो. कारण तोवर क्रेम ‘ट्रान्स पात्र’ उरलेलं नसतं, आपला माणूस झालेला असतो.

दुसरी क्लेअर, ‘सायबरपंक 2077’मधली, 2020 ची. बारमध्ये दारू ओतते आणि गाड्यांच्या शर्यती मारते. तिचा नवरा शर्यतीत मेलाय आणि ज्याच्यामुळे मेला त्याला तिला गाठायचंय, म्हणून ती तुम्हाला गाडी चालवायला बोलावते. ती ट्रान्स असल्याचं नवऱ्याच्या आठवणी सांगताना ओघात येतं, कारण त्या काळात तो तिच्या पाठीशी होता. तेवढंच. तिची नड सूडाची आहे आणि आपण तिच्या गाडीत बसतो ते त्या सूडासाठी. तिला आवाज दिलाय मॅडी टेलर या ट्रान्स अभिनेत्रीने. तुमच्या गेममध्ये आवाज असणार असेल तर हेही बघून ठेव.

‘पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइचस’ (2021) मधलं एक जोडपं तर मला फारच आवडतं. अनेव्हिया ट्रान्स स्त्री आणि तिची बायको इराबेथ योद्धा. अनेव्हियाला हवं ते शरीर मिळावं म्हणून लागणारं औषध विकत घ्यायला इराबेथने बापाची तलवार विकली. योद्ध्याने वडिलांची तलवार विकावी! त्या एका व्यवहारातून दोघींचं सगळं नातं कळतं, भाषण लागत नाही. भाषण कसं होऊन बसतं ते बघायचं असेल तर 2024 च्या ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’मधलं टॅश घे, स्वतःला ना बाई ना पुरुष मानणारं पात्र. आईबरोबर जेवायला बसल्यावरचा टॅशचा प्रसंग अंगावर येतो, कारण तिथे आईची संस्कृती, लेकराचं वेगळं वाढणं आणि लिंग असं सगळं एका ताटावर आलेलं असतं. आणि त्याच गेममध्ये टॅशबद्दल बोलताना चुकीचा शब्द गेला म्हणून दुसरं एक पात्र दहा पुशअप्स मारतं आणि असं का करायचं ते आपल्याला समजावून सांगतं. तिथे मला शाळेच्या प्रार्थनेला उभं राहिल्यासारखं झालं.

आता तुझी रेवा. तिला जोगतीण का केलंस? सौंदत्तीची यल्लम्माची यात्रा, डोक्यावरचा देवीचा जग, चौंडकं, भंडारा हे सगळं चित्रात छान दिसतं, हे मान्य. पण ते बहुतेक तू रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलेलं आहेस. सगळे जोगते ट्रान्स नसतात आणि सगळ्या ट्रान्स स्त्रिया जोगतिणी नसतात. केसांत जट आली म्हणून कुणाला घरच्यांनी लहानपणीच देवीला सोडलेलं असतं, त्यात त्या लेकराला कुणी विचारलेलं नसतं. कुणी आपणहून त्या वाटेला गेलेलं असतं, कारण लुगडं नेसून चारचौघांत मानानं वावरता येईल अशी तेवढीच जागा गावात शिल्लक होती. हे एवढं गुंतागुंतीचं प्रकरण तू ‘शाप: 40 नुकसान’ अशा एका बटणात बसवलंयस. जोगता लिहायचाच असेल तर तो वेगळा, पूर्ण गेम लागेल. रेवाकडून ते काढून घे.

तिला काम दे. समजा ती हुपरीसारख्या गावची आहे आणि चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडते. व्यापारी चांदी तोलून देतो, तयार माल तोलून घेतो, मध्ये जी घट येते ती मजुरीतून कापतो. हा व्यापारी काट्यात मारतो असा तिला संशय आहे. तिला पार्टीत, म्हणजे नायकाच्या टोळीत, यायचंय ते राज्य वाचवायला मुळीच नाही. तिला दुसऱ्या शहरातून खरी वजनं आणायची आहेत आणि सगळ्या कारागिरांसमोर त्याचा काटा उघडा पाडायचाय. लढाईत ती बारीक हाताची. कुलपं उघडते, सापळे निकामी करते, तुटलेल्या शस्त्राला डाख लावते. आता तिच्याबरोबर जायला खेळणाऱ्याकडे कारण आहे, आणि तिच्याकडे खेळणाऱ्याला बरोबर घ्यायला.

कागद फाडायला लावला, तो हवाच असेल तर असा परत आण. काटा उघडा पडला, व्यापारी थकलेली मजुरी द्यायला कबूल झाला, पण रेवाची अडते. रात्री मुक्कामाला ती आपणहून खातेवहीचं पान काढते. अंगठ्याने नावाची जागा झाकलेली.

रेवा: खातं जुन्या नावावर हाय. त्यो म्हणतोय, त्या गड्याला घिऊन ये, मग हिशेब करतो.
नायक: मग?
रेवा: मग काय! नाव माझं न्हाई. पैसं माझं हाईत.

अंगठा उचलायचा पर्याय खेळणाऱ्याला देऊच नकोस. ते नाव गेमच्या फायलीतसुद्धा लिहून ठेवू नकोस, कुणीतरी उकरून काढतंच. पुढचा क्वेस्ट, म्हणजे खेळणाऱ्याची पुढची कामगिरी, त्या खात्यातले पैसे मिळवणं. साक्षीदार गोळा करा, पंचांना गाठा, नाहीतर दुकान फोडा, ते तुमच्या गेमचं बघा. आणि खेळणारा तिच्या कामात कधी पडलाच नाही, तर ती हे सांगणारही नाही. गेम संपेल आणि काही जणांना रेवा ट्रान्स होती हे कळणारच नाही. तुझ्या ट्विस्टवाल्या मित्राच्या पोटात दुखेल, दुखू दे.

संवादांकडे येते. इंग्रजी गेम लिहिणाऱ्यांची डोकेदुखी मुख्यतः तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना असते. आपल्याकडे क्रियापदच सगळं सांगून टाकतं, समोरासमोर बोलतानाही. ‘आलास’ की ‘आलीस’, यावरून रेवाशी बोलणाऱ्या प्रत्येकाचं मन उघडं पडतं, आणि ही सोय तू अजून वापरलेलीच नाहीस. चहावाला तिला सहज ‘आलीस व्हय’ म्हणतो. व्यापारी मुद्दाम ‘आलास’ म्हणतो, तेही फक्त चारचौघांत. शेजारचं पोरगं मागून ‘ते आलं बघ’ म्हणतं, आणि त्या ‘आलं’ मध्ये जेवढा अपमान आहे तेवढा शिवीत नसतो. त्यामुळे शिव्या भरायची गरज नाही. तू पाठवलेल्या पानांत त्या फारच आहेत, एखादी ठेव. स्वतःबद्दल बोलताना मात्र रेवाचं ‘मी आलो, मी जातो’ खुशाल राहू दे. आपल्याकडच्या आया-आज्या असंच बोलतात. पुण्याचा खेळाडू त्यातून भलता अर्थ काढेल, म्हणून गेमच्या सुरुवातीलाच दुसऱ्या दोन-तीन बायकांच्या तोंडी तेच घाल.

आणि रेवाचा बाप आण. त्याला पोरगी तोडायची नाही, पण ‘आलीस’ तोंडातून निघत नाही. मग तो गेमभर फक्त अशी वाक्यं बोलतो ज्यांत काही ठरवावं लागत नाही. ‘जेवण झालं?’ ‘काम कसं चाललंय?’ ‘कवा यायचं परत?’ ‘चहा ठेवू?’ हे लिहायला अवघड आहे, करून बघ. घरात अशी माणसं असतात आणि त्यांचं हे टाळत टाळत बोलणं ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. कधीतरी, मध्येच, दुसऱ्याच विषयात तो ‘दमलीस?’ म्हणून जाऊ दे. त्यावर संगीत नको, पडद्यावर पदक नको, रेवाने उत्तर द्यावं ‘पाय दुखाय लागल्यात’ आणि पुढे बोलावं.

तांत्रिक बाजूने याच क्रियापदांनी तुम्ही घाईला येणार आहात, कारण नायक खेळणारा स्वतः निवडतो. प्रत्येक वाक्याच्या दोन-तीन आवृत्त्या करण्याआधी बघ, किती वाक्यं मुळातच मोकळी आहेत. ‘मी येईन’, ‘तू जाशील’, ‘मी सांगितलं’, ‘तू भाकरी खाल्लीस’, ‘मला कळत नाही’, ‘तुम्ही आलात’. यांत बोलणाऱ्याचं किंवा ऐकणाऱ्याचं लिंग दिसत नाही. उरलेल्यांना खुणा लावून ठेव. आणि नायक घडवताना ‘पुरुष की स्त्री’ असा एकच प्रश्न विचारू नका. ‘सायबरपंक’मध्ये शरीर हवं तसं घडवता येतं, पण लोकांनी तुम्हाला काय म्हणायचं ते आवाजाच्या निवडीला बांधून टाकलंय, त्यावरून बोलणी खाल्ली. ‘बाल्डर्स गेट 3’ने 2023 मध्ये शरीर, आवाज आणि संबोधन तिन्ही सुटं ठेवलं. तुमच्या छोट्या गेमला एवढं जमेल: चेहरा निवडा, मग खाली विचारा, ‘लोकांनी तुम्हाला काय म्हणायचं? आलास / आलीस / आलात’. एवढ्यावर एखादी पोर गेममध्ये स्वतःला बघू शकेल आणि रेवावरचा भारही कमी होईल.

भार कमी करायला आणखी एक कर. रेवा एकटी नको. गंगावेशीतल्या कट्ट्यासारख्या ठिकाणी म्हशीची धार काढून ताजं दूध देणारा एक ट्रान्स पुरुष ठेव, जो फक्त म्हशींबद्दल आणि दुधात पाणी घालणाऱ्या शेजाऱ्याबद्दल बोलतो. पार्टीत एक भला आणि गावात एक आगाऊ असला की रेवाला सगळ्या जमातीच्या वतीने गुणी राहावं लागणार नाही.

पाठवलेल्या पानांतलं एक काढूनच टाक. नायकाने रेवाला नीट बोलावलं की ‘आपुलकी +5’. माणसाला माणसासारखं बोलावण्याचे गुण कशाला? काटा शोधून दिल्याचे दे.

आता तुझा दुसरा मित्र. ‘आपल्याला काय कळतंय’ हे तो खरं बोलतोय, पण त्याचा उपाय चुकलाय. कळत नसेल तर विचारा, आणि विचारायचे पैसे द्या. संवाद तपासायला एखादी ट्रान्स व्यक्ती शोधा, शक्यतो गेम खेळणारी. एक नाही, दोघी-तिघी असल्या तर बरं, कारण त्यांचं आपसांत पटणार नाही आणि तेच तुला उपयोगी पडेल. लिखाण पुढे ठेवून ‘हे वाचून कुठे खटकलं’ एवढं विचार. ऑपरेशन झालंय का, घरच्यांनी काय केलं, जुनं नाव काय, हे विचारायला जाऊ नकोस, तुझ्या पैंजणवालीला त्याची गरज नाही. ‘गेममध्ये नाव देऊ’ हे मानधन होत नाही. तुम्ही चित्रकाराला पैसे देताच ना? आणि त्या म्हणाल्या की हे दृश्य काढ, तर काढ. वाद घालायचा असेल तर पैसे देऊन झाल्यावर घाल.

कोणीतरी अंगावर येईल, ही भीती मी खोडून काढत नाही. येतीलही. पण त्यातल्या निम्म्यांना रेवा कोण हे कळण्याइतका गेम खेळायची चिकाटी नसते.

चित्राबद्दल तू विचारलं नव्हतंस, तरी सांगते. रेवाला नऊवारी, नथ आणि हातात त्रिशूळ कशाला? दिवसभर बसून घुंगरू जोडणारी बाई गाऊनवर असते, खांद्यावर टॉवेल टाकलेला, नखांत काळं आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तसं काढून पाठव, मग पुढची पानं वाचते.

– ताई